शून्य-दोष मॉनिटर

आमच्या घरी मॉनिटर घ्यायचा ठरला तेव्हा मी एवढंच म्हणालो की घेऊ, पण पद्धतशीर घेऊ. यात कोणाला राग यावा असं काही आहे का, तुम्हीच सांगा. मी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटी विभागाचा प्रमुख आहे. आमच्याकडे दुचाकीच्या ब्रेकचे पार्ट बनतात, घरच्या स्कूटरलाही आमचेच आहेत. बाहेरून आलेला माल आधी तपासायचा आणि मगच आत घ्यायचा, हे मी इतकी वर्षं करत आलोय. ही शिस्त कंपनीच्या गेटवर जमा करून बसमध्ये चढावं, असं कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नाही.

मागणी माझ्या मुलीची, वर्षालीची होती. ती डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कॉम्प्युटरवर बंदुकांचा खेळ खेळते. मी बरेच दिवस त्याला टाइमपास म्हणत होतो. मग एकदा तिने मला मोबाइलवर एका टीमचा मेसेज दाखवला. मुलींची टीम, पगारी, स्पर्धांसाठी गावोगाव जाणारी. टीममध्ये एक जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी वर्षालीला निवड चाचणीला बोलावलं होतं. चाचणी घरूनच द्यायची, महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी. अट एकच होती. मॉनिटर किमान एकशे चव्वेचाळीस हर्ट्झचा पाहिजे, आणि खेळ सुरू होण्याआधी तो तसा आहे हे दाखवायचं, नाहीतर बाद. आमच्याकडचा मॉनिटर साठचा होता.

"फरक काय पडतो पण?" मी विचारलं.

"पप्पा, आपला पडदा सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो. समोरचीचा एकशे चव्वेचाळीस वेळा. ती मला आधी बघते. मला ती दिसते तेव्हा मी मेलेली असते."

हे मला एकदम पटलं. उशिरा दिसलं की काय होतं, हे क्वालिटीवाल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मी तिथल्या तिथे होकार दिला, आणि पोरीने आनंदाने आईला स्वयंपाकघरातून ओढत बाहेर आणलं.

"मग आजच जाऊन घेऊन या की," माझी बायको रंभा म्हणाली. "चिंचवडला चिक्कार दुकानं आहेत."

रंभाला खरेदीतलं काही कळत नाही. ती भाजीसुद्धा उलटसुलट न करता घेते. वर तिची भाजी चांगली निघते, त्यामुळे तिला कधी धडा मिळालेला नाही.

मी प्रथम समिती नेमली. एकट्याने घेतलेला निर्णय हा निर्णय नसतो, मत असतं. टूलरूमचे आबाजी समितीत आले. हे मूळचे निघोज्याचे, जमीन कंपन्यांना गेली आणि माणूस कंपनीत आला. नजर अशी की सुताएवढा फरक नुसत्या बोटाने सांगतील. परचेसमधून नवनाथ आला, कारण तीन कोटेशनशिवाय त्याला पाणीही गोड लागत नाही. पहिली बैठक रविवारी आमच्या काळेवाडीच्या घरी झाली. पोहे झाल्यावर विषय क्रमांक एक घेतला, पॅनेलची निवड.

वर्षालीने उभं राहून माहिती दिली. पॅनेल तीन प्रकारची असतात, ती म्हणाली. टीएन वेगवान, पण जरा बाजूला सरकून बघितलं की रंग उडतात. व्हीएमध्ये काळा रंग सुरेख दिसतो, पण अंधाऱ्या जागेत काही पळालं की मागे सावलीची शेपटी राहते. आयपीएसमध्ये रंग चांगले आणि आता वेगही पुरेसा असतो, फक्त खोलीत अंधार केला की कोपरे किंचित उजळ दिसतात.

"म्हंजी तिन्हीत खोट हाय," आबाजी म्हणाले.

"आहे काका. पण मला आयपीएस चालेल."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. चालेल हा शब्द आमच्या विभागात कोणी उच्चारत नाही. मी तिला शांतपणे समजावलं, की बाळ, चालेल म्हणून घेतलेली गोष्ट आयुष्यभर चालवून घ्यावी लागते. मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि माझं डोकंच फिरलं. पडद्यावर लाखो ठिपके असतात. त्यातले एक-दोन मेलेले निघाले तर बऱ्याच कंपन्या तो दोष धरतच नाहीत. मेलेला ठिपका म्हणजे जो पेटतच नाही, काळाच राहतो. म्हणजे बनवणाराच छातीठोकपणे सांगतो की आमच्या मालात दोन मेलेले असतील, गप घरी घेऊन जा.

"हे इतर लोकांनी खपवून घेतलं असेल," मी म्हणालो. "आपण शून्य दोष मागायचे."

"शून्य," नवनाथने लिहून घेतलं.

"पप्पा, शून्य कोणी देत नाही."

"कोणी मागितलं नाही म्हणून देत नाही."

ठराव एकमताने मंजूर झाला. वर्षालीला समितीत मताचा अधिकार नव्हता, कारण ती वापरणारी होती. वापरणाऱ्याचं मत घेतलं तर तपासणी निःपक्षपाती राहत नाही.

पुढची पायरी म्हणजे पुरवठादाराचं ऑडिट. नवनाथच्या तीन कोटेशनमधून चिंचवड स्टेशनजवळचा सिद्धेश निघाला. तिशीतला हसतमुख मुलगा. आम्ही चौघं दुकानात शिरलो आणि दुकान भरलं. त्याने खोका काढायला हात वर केला, तसं मी त्याला थांबवलं.

"आधी सांगा, आलेला माल कुठे ठेवता आणि विकायचा माल कुठे?"

"इथेच काका, सगळं इथेच असतं."

"मध्ये पिवळी रेघ?"

"कसली रेघ?"

"माल मिसळू नये म्हणून जमिनीवर रेघ असते. आग विझवायचं यंत्र? तुमच्या माणसांचं प्रशिक्षण?"

"माणूस मीच आहे काका. आणि दुकान दहा बाय बारा आहे. रेघ मारली तर मी कुठे उभा राहू?"

हसला तो. ऑडिटला हसणारा पुरवठादार मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. मी त्याला त्रुटी वाचून दाखवल्या आणि सुधारणा करून कळवायला सांगितलं. वर्षाली मधेच बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. ऑडिटचं दडपण नव्या माणसाला येतंच. घरी जाताना ती म्हणाली, "पप्पा, तिथे ठेवलेला होता तो. मला हवा होता तोच." मी म्हटलं, मिळेल, तुलाच मिळेल, जरा दम धर.

सिद्धेशचं काही उत्तर आलं नाही. शेवटी नवनाथच कंपनीतून पिवळ्या चिकटपट्टीचं रीळ घेऊन गेला आणि दुकानात रेघ मारून आला. रेघेच्या एका बाजूला सिद्धेश आणि दुसऱ्या बाजूला सगळा माल. त्याला काही काढायचं झालं की रेघ ओलांडावी लागायची. पण ऑडिट पास झालं.

पहिला मॉनिटर घरी आला त्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. अंधारात आणि उजेडात अशा दोन्ही तपासण्या करायच्या होत्या. भर दुपारी आम्ही हॉलच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या. शेजारच्या बाई विचारायला आल्या, की घरात कोणाला गोवर आलाय का. रंभाने त्यांना जिन्यातच काहीतरी सांगून वाटेला लावलं. तिने काय सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही, पण त्या बाई तेव्हापासून माझ्याशी फार हळू आवाजात बोलतात.

मॉनिटर जोडला. खोक्यावर एकशे पासष्ट हर्ट्झ छापलेलं होतं. कॉम्प्युटरमध्ये बघितलं तर साठ.

"खोटा दावा," नवनाथ म्हणाला.

"नाही हो काका," वर्षाली म्हणाली. "नवीन लावला की आधी साठच दाखवतो. सेटिंगमध्ये जाऊन बदलायचं असतं. सगळ्यांनाच करावं लागतं."

आता इथे मला तत्त्वाची बाजू घ्यावी लागली. माल जसा आला तसा तपासायचा असतो. त्यात आपण दुरुस्ती करून तो पास केला, तर पास झाली ती आपली दुरुस्ती, माल नव्हे. मी हे सांगून नापास मालाला लावायची लाल चिठ्ठी आणायला बॅगकडे वळलो, तेवढ्यात या पोरीने दोन क्लिक केले आणि आकडा एकशे पासष्ट झाला.

"बघा, झालं," ती म्हणाली.

"काय झालं? तपासणी चालू असताना नमुन्याला हात लावलास तू. आता हा नमुनाच बाद."

"पप्पा, पण तो चांगला आहे."

"असेल. पण आता ते सिद्ध करता येणार नाही."

आबाजींनी खिडकीवरची गोधडी काढली. मॉनिटर परत खोक्यात गेला. सिद्धेशने तो बदलून दिला, पण या खेपेला त्याने काका म्हटलं नाही, सर म्हटलं. पुरवठादार शिस्तीत येतोय, हे मी समितीच्या लक्षात आणून दिलं.

दुसऱ्या मॉनिटरला वर्षालीच्या हाताने सेटिंग बदलायची आम्ही रीतसर परवानगी दिली. आम्ही काही आडमुठे नाही. आकडा बरोबर आला. मग पडदा पांढरा केला आणि आबाजींनी टूलरूमचं भिंग डोळ्याला लावलं. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. वर्षाली नखं खात होती.

"हितं हाय बगा," आबाजी म्हणाले.

आम्ही सगळे वाकलो. खालच्या कोपऱ्यात, अगदी कडेला, काळा कण होता. भिंग बाजूला केलं की दिसत नव्हता. भिंग लावलं की होता.

"भिंगाबिगार न्हाई दिसत पर," आबाजी म्हणाले. बिचारे मनाने मऊ आहेत.

"पप्पा, मी भिंग लावून खेळत नाही," वर्षाली म्हणाली. "आणि त्या कोपऱ्यात तर नुसत्या गोळ्यांचा आकडा असतो. मी तिथे बघतसुद्धा नाही. द्या ना मला हा. प्लीज."

तिच्या आवाजात रडू होतं, ते मला समजत होतं. बाप आहे मी, दगड नाही. पण दिसत नाही म्हणजे नाही, असं म्हणायला लागलो तर उद्या कंपनीत कुठल्या तोंडाने जाऊ? मी लाल चिठ्ठी लावली.

आता नाकारलेला माल चांगल्या मालाजवळ ठेवता येत नाही, आणि सिद्धेशचं दुकान त्या आठवड्यात बंद होतं. आमचं घर एक बेडरूमचं. तेव्हा बेडरूम हा प्रतिबंधित विभाग घोषित करणं भाग पडलं. उंबऱ्यावर लाल पट्टी, आत मॉनिटर. आम्ही तिघं हॉलमध्ये झोपू लागलो. रंभा कपाटातून कपडे काढायला आत गेली तेव्हा मी तिच्यापुढे नोंदीसाठी कागद धरला. त्यावर ती मला जे बोलली, ते बैठकीच्या इतिवृत्तात घेतलेलं नाही.

तिसरा मॉनिटर ठिपक्यांत निर्दोष निघाला, पण गोधड्या लावून पडदा काळा केला तर उजव्या कोपऱ्यात फिकट उजेड झिरपत होता. सिद्धेश फोनवर म्हणाला, "सर, अंधारात काळा पडदा बघत बसतं कोण?" मी म्हटलं, मी बसलो होतो, पाऊण तास. मग तो म्हणाला, पाठवून द्या.

तोवर महिना सरत आला होता. वर्षाली जुन्या मॉनिटरवर सराव करत होती आणि कानाला हेडफोन असूनही मला ऐकू येईल अशा बेताने पुटपुटत होती, "मेले. परत मेले." तिच्या होणाऱ्या टीममधल्या मुलींचे मेसेज येत होते, आला का, आला का. ती त्यांना रोज लिहायची, पप्पा बघतायत.

आणि मग चौथा आला. सांगतो ऐका. पांढऱ्यावर शुद्ध, लालवर शुद्ध, हिरव्यावर, निळ्यावर. अंधारात काळा केला तर असा काळा की पडदा चालू आहे का बंद हे कळेना. आबाजींनी भिंग फिरवलं, परत फिरवलं, मग भिंग खिशात ठेवून डोक्यावरची टोपी काढली.

"असला माल आमी कंपनीत पन कदी न्हाई बगितला, उद्धवराव," ते म्हणाले.

माझ्या अंगावर काटा आला. खोटं सांगत नाही, डोळे भरून आले. शून्य दोष. लोक म्हणत होते मिळत नाही. वर्षालीने मला मिठी मारली, आईला मिठी मारली, आबाजींच्या पाया पडली आणि टेबल पुसायला फडकं आणायला पळाली. त्या क्षणाला मी फार सुखी माणूस होतो.

पण नवनाथ विचार करत होता. परचेसचा माणूस सुखात फार वेळ राहू शकत नाही.

"साहेब," तो म्हणाला, "एक अडचण आहे. आता हा सर्वोत्तम आहे, हे आपण डोळ्यांनी ठरवलं. उद्या दुसरा कुठला तपासायचा झाला, तर कशाशी ताडून बघणार?"

प्रश्न बिनतोड होता. आमच्याकडे पहिला निर्दोष पार्ट मिळाला की त्याला मास्टर म्हणतात. त्यावर सगळ्यांच्या सह्या होतात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून तो कपाटात कुलुपात ठेवतात, आणि पुढचा प्रत्येक पार्ट त्याच्याशी ताडून बघतात. मास्टर कधी गाडीला लावत नाहीत. वापरला की तो मास्टर राहत नाही.

वर्षाली फडकं घेऊन आली तेव्हा आम्ही मॉनिटरच्या पाठीवर सह्या करत होतो.

"हे काय करताय?"

मी तिला अभिमानाने सांगितलं की तुझा मॉनिटर मास्टर झालाय.

"मग मी कशावर खेळू?"

"आता पाचवा मागवू. तो याच्याशी ताडून पास झाला की तुझाच. बोनसचे पैसे आहेत बाजूला, तू त्याची काळजी करू नकोस."

"याच्यासारखाच दुसरा आणणार, मला याच्यावर खेळता यावं म्हणून?"

"याच्यावर नाही. त्याच्यावर."

तिने फडकं टेबलावर ठेवलं आणि लाल पट्टी ओलांडून बेडरूममध्ये गेली. नोंद केली नाही. मी त्या दिवशी तिला काही बोललो नाही, कारण मला तिची मनःस्थिती समजत होती. मास्टर लोखंडी कपाटात, रंभाच्या शालूंच्या खणात ठेवला. शालू बाहेर काढले. किल्ली मी माझ्या खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी सिद्धेशला फोन केला, तर फोन उचलला नाही. नवनाथ दुकानात जाऊन आला. सिद्धेशने त्याला सांगितलं होतं की सध्या क्वालिटीतल्या लोकांना माल द्यायचा नाही असं त्याने ठरवलंय. आणि हे सांगताना तो पिवळ्या रेघेवरच उभा होता.

अशा रीतीने शेवटचा रविवार उजाडला.

वर्षाली सकाळीच अंघोळ करून टेबलाशी बसली. समोर साठचा जुना मॉनिटर. रंभाने देवाला दिवा लावला आणि माझ्यासमोर येऊन हात पुढे केला.

"किल्ली द्या."

"अगं, असं नसतं."

"पप्पा, दोन तासांसाठी द्या," वर्षाली खुर्चीतूनच म्हणाली. "मागचं प्लास्टिकसुद्धा काढणार नाही मी. खेळून झालं की परत ठेवा. कुलूप लावा, दोन कुलपं लावा. पण आज द्या. ही जागा परत निघणार नाही. मी दोन वर्षं याच्यासाठी खेळतेय पप्पा, तुम्हाला वाटत होतं टाइमपास, पण मी याच्यासाठी खेळत होते."

मला वाईट वाटत होतं. फार वाईट. म्हणूनच मी तिला नियमातली सोय सांगितली. ठेवलेला माल नियमाबाहेर वापरायचा तर त्याला डेव्हिएशन लागतं. म्हणजे अपवाद म्हणून दिलेली लेखी परवानगी. अधिकारी माणसाची सही लागते आणि कारण लागतं.

"अधिकारी कोण?"

"तसा मीच."

"मग द्या ना."

"कारण काय लिहू?"

"मुलगी," ती म्हणाली.

मी खरंच विचार केला. पण ते कारण कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. मटेरियल, मशीन, मनुष्यबळ, पद्धत, यांपैकी कशातच मुलगी येत नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. कंपनीचे मोठे साहेब. महिनाअखेर असल्यामुळे रविवारचीही शिफ्ट चालू होती.

"उद्धवराव, लिव्हरचा लॉट अडकलाय. फायनल तपासणीवरच्या मुलीने थांबवलाय. म्हणते भेगा आहेत."

"किती?"

"अहो, केसाएवढ्या. भिंगाखाली धरलं तरच दिसतात. ट्रक गेटवर उभा आहे. आज माल नाही गेला तर महिन्याचा आकडा बुडतो आणि गिऱ्हाइकाची गाड्या जोडायची लाइन थांबते. काय करू?"

"सोडा," मी म्हणालो. "डेव्हिएशनवर मी उद्या सही करतो."

"कारण काय टाकू?"

"तातडी."

फोन ठेवला. सगळं मिनिटभरात झालं असेल. वळून बघितलं तर वर्षालीने हेडफोन गळ्यात घेतले होते.

"पप्पा, ते ब्रेकचे लिव्हर होते ना?"

"हो."

"भेगा आहेत त्यांना?"

"केसाएवढ्या. आणि सगळ्यांना नाहीत. तुला कंपनीतलं कळायचं नाही वर्षा, तिथे ट्रक उभा असतो."

ती पडद्याकडे वळली. पडद्यावर चाचणीची खिडकी उघडली होती. तिकडून एका मुलीचा आवाज आला, वर्षाली, तुझं सेटिंग दाखव. वर्षालीने दाखवलं. साठ. तिकडची मुलगी म्हणाली, सॉरी यार, आम्ही खूप वाट बघितली तुझी. मग तिथल्या नावांमधलं वर्षालीचं नाव गेलं आणि खेळ सुरू झाला.

रंभाने कपाटाकडे बघितलंही नाही. वर्षालीने हेडफोनची वायर नीट गुंडाळली, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि खुंटीवरून स्कूटरची किल्ली घेतली.

"कुठे निघालीस?" मी विचारलं.

"बाहेर."

"सावकाश जा. रविवार आहे, डांगे चौकात गर्दी असेल."

ती दारात थांबली. किल्ली तिच्या हातात होती. तिने मला अगदी साधेपणाने विचारलं, जसं आमच्या विभागातलं नवीन माणूस विचारतं तसं.

"पप्पा, माझ्या गाडीचे लिव्हर कुठल्या महिन्यातले आहेत?"

मी म्हणालो, ते रेकॉर्ड बघून सांगावं लागेल. ती बरं म्हणाली आणि जिना उतरली. मी गॅलरीत गेलो. गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो आडवा आला तेव्हा ती ब्रेक दाबताना दिसली, आणि तोवर मी गॅलरीचा गज इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. गाडी थांबली. टेम्पो गेला. ती वळली आणि दिसेनाशी झाली, आणि पुढे वाटेत किती चौक आहेत ते मला पाठ आहे.

आता तुम्ही मला नावं ठेवाल. खुशाल ठेवा. पण मी मेलेल्या ठिपक्याचं सांगितलं, तेव्हा तुमच्यातल्या किती जणांनी आपल्या मोबाइलचा पडदा डोळ्यांजवळ धरून कोपरे तपासले, ते मला ठाऊक आहे. ज्यांनी तपासले नसतील ते आता तपासतील. नंतर मी केसाएवढ्या भेगांचंही सांगितलं. त्यावर तुमच्यातलं कोण उठून खाली पार्किंगमध्ये गेलं, तेवढं फक्त मला कळवा.